गवताचा नंबर

गेल्या मंगळवारी सकाळी मी माझ्या मुलीच्या चित्रावर सही केली.

कौतुकाची नव्हे, कामाची. डाव्या हातात चहा होता, उजव्या हातात फ्रिजवरची यादी लिहायला घेतलेलं काळं मार्कर. टेबलावर एक मोठा कागद पसरलेला होता. मागे डोंगर, पुढे पिवळसर हिरवं कुरण, कोपऱ्यात चर्चचा मनोरा. मी कप खाली ठेवला, कागद खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला, चारी कडांवरून नजर फिरवली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं : ओके. त्याखाली माझी मराठीतली सही. त्याखाली वेळ, ७.४०. मार्करला टोपण लावलं, आणि मग मला जाग आली.

समोर इरा बसली होती. वय वर्षं बारा, तोंडात चमचा.

"बाबा," ती म्हणाली, "दॅट्स फॉर स्कूल. इट्स ड्यू टुडे."

मी म्हटलं, "पुसून देतो."

"इट्स अ मार्कर."

तिनं कागद उचलला, गुंडाळला, दप्तराच्या बाजूला खोचला आणि ती निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

ते चित्र तिच्या वर्गाच्या कन्फर्मेशनच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ होतं. इथल्या, म्हणजे आयर्लंडमधल्या, बहुतेक प्राथमिक शाळा चर्चच्या छायेतल्या. दुसरीत फर्स्ट कम्युनियन, सहावीत कन्फर्मेशन. या दोन्ही धर्मविधींसाठी वसंतात दोन-तीन महिने वर्गात तयारी चालते. आम्ही त्यातले नाही, म्हणून तेवढा वेळ इरा मागच्या बाकावर बसून चित्रं काढते. यंदा बाईंना वाटलं, ही नाही तरी मागे बसून चित्रंच काढते, तर मुखपृष्ठ हिच्याकडेच द्यावं. आणि त्या मुखपृष्ठावर तिच्या बापानं शिक्कामोर्तब केलं.

दार लागल्यावर मी खिडकीशी उभा राहिलो. मे महिना. डब्लिनच्या कडेची, सिटीवेस्टमधली आमची ही वसाहत म्हणजे एका साच्यातून काढलेली घरं, पण मे महिन्यात ती वेगवेगळी दिसू लागतात, कारण कुणाकुणाच्या पुढच्या अंगणात बाउन्सी कासल फुगतात. कम्युनियनच्या शनिवारी सकाळपासून पंख्यांची घरघर सुरू होते, रबराचे बुरूज हळूहळू उठून उभे राहतात आणि पांढरे झगे घातलेल्या आठ वर्षांच्या मुली त्यांत उड्या मारतात. ही घरघर ऐकली की मला छापखाना आठवतो. आणि छापखाना आठवला की दोन हजार पंधराचा वसंत, जो मी इथे पाहिलाच नाही.

मी आयर्लंडमध्ये बायकोच्या पाठोपाठ आलेला माणूस. मृणाल डॉक्टर. पुण्यात शिकली, इथल्या सरकारी इस्पितळात लागली. दोन हजार चौदात आम्ही सामान घेऊन उतरलो तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तिला चार प्रश्न विचारले आणि मला एकच, "आणि तुम्ही?" पुण्यात मी वीस वर्षं छापखान्यात काढली होती. शाईचा वास घेऊन ती कोणत्या डब्यातली हे सांगता यायचं, पण या गुणाला डब्लिनमध्ये कोण विचारणार? विचारलं एका लहानशा पाठ्यपुस्तकवाल्या प्रकाशनानं. त्यांची पुस्तकं दक्षिण चीनमध्ये छापली जायची आणि तिथे मशीनशी उभं राहून 'हे चालेल, हे नाही' असं म्हणणारा माणूस त्यांना हवा होता. नाही म्हणायचे पैसे मिळतात हे कळल्यावर मृणाल म्हणाली, "घरी फुकट करतोस ते."

सप्टेंबरात शाळा उघडायच्या, म्हणून पुस्तकं मार्च ते मेमध्ये छापायची. त्यामुळे माझा वसंत चीनमधल्या डोंगग्वानमध्ये, इराचा वसंत मागच्या बाकावर आणि मृणालचा वॉर्डात. शाळेनंतर इराला शेजारच्या ब्रीडा सांभाळायच्या. सत्तरीच्या बाई, स्वतःची नात केटी इराच्याच वर्गात, त्यामुळे एकीला सांभाळलं काय नि दोघींना काय. "शी'ज ग्रँड," त्या फोनवर मला सांगायच्या. इथे सगळं ग्रँड असतं. ताप आला तरी ग्रँड, पाऊस आला तरी ग्रँड. हळूहळू इराही तेच म्हणायला लागली आणि मला माझ्याच मुलीबद्दल काही कळेनासं झालं.

दक्षिण चीनमध्ये मार्चच्या सुमारास भिंतींना घाम फुटतो. खोटं नाही सांगत. समुद्रावरून ओली गरम हवा येते आणि थंड भिंतींवर, फरशीवर, आरशावर पाणी धरतं. हॉटेलच्या खोलीत सकाळी पाय खाली टाकला की फरशी ओली. कपडे वाळायचे नाहीत. मी पुण्याहून मागवलेलं मेतकूट तिसऱ्या दिवशी ढेकूळ होऊन बसायचं. कागद तर त्याहून हळवा. हवा ओली झाली की कडेनं लहरी यायच्या, मग रंग एकावर एक बसायचे नाहीत. कागद शांत होईपर्यंत मशीन थांबायचं. सगळा कारखाना एका कागदाचं मन लागायची वाट बघत बसलाय, असं ते दृश्य असायचं.

मला बसायला एक खोली होती. निळा सोफा, काचेचं टेबल, थर्मासमध्ये गरम पाणी आणि आवाज बंद केलेला टीव्ही. नव्या फॉर्मची, म्हणजे एका कागदावर एकदम छापायच्या पानांची, जुळणी झाली की बोलावणं यायचं. मी जायचो, पांढऱ्या उजेडाच्या तिरप्या टेबलावर ताजा कागद पसरलेला असायचा. भिंग लावून बघायचं, प्रूफशी ताडायचं, लाल कमी, निळा थोडा वर, असं खुणांनी सांगायचं. मनासारखं झालं की कोपऱ्यात ओके, सही, वेळ. मग तो कागद समोर टांगून त्याच्याबरहुकूम पुढचे सगळे छापायचे. माझ्या सहीची छापील पुस्तकात नामोनिशाणी नसते. ती कडेच्या पट्टीत असते, आणि ती पट्टी शेवटी कापली जाते. इतकं सूचक काम मला मुद्दाम शोधूनही मिळालं नसतं.

मशीनमनचं नाव लिआंग. माझ्याच वयाचा, पोट माझ्याएवढंच, केस माझ्यापेक्षा बरे. त्याला इंग्रजी यायचं नाही, मला चिनी. आमचं सगळं अंगठ्यावर आणि फोनमधल्या भाषांतरावर चालायचं. त्याच्या फोनमधली बाई फार गंभीर इंग्रजी बोलायची. एकदा त्यानं डब्यातली भाजी माझ्यापुढे केली आणि बाई म्हणाली, "कृपया या वनस्पतीचा स्वीकार करावा." मी केला. लसूण घातलेला पाला होता, आणि घरची आठवण यायला तेवढा लसूण पुरला.

जेवणानंतर कारखाना झोपायचा. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बाराच्या पुढे दिवे मालवायचे, मशीनं बंद, आणि जो जिथे असेल तिथे आडवा. कुणी घडीच्या खाटेवर, कुणी टेबलावर डोकं टेकून, कुणी कागदाच्या थप्प्यांच्या आडोशाला. शेकडो माणसं तास-दीड तास एकत्र श्वास घेत असायची. मला दुपारी झोप येत नाही. मी त्या निळ्या सोफ्यावर ताठ बसून राहायचो, एवढ्या मोठ्या कारखान्यात एकटा जागा. एकटेपणाला मी तोवर रिकाम्या खोलीशी जोडत आलो होतो. तो असा भरलेल्या जागीही असतो, आणि त्याला बाहेरच्या विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्यांचा आवाज असतो, हे मी तिथे शिकलो.

दिवे लागायचे आणि थोड्या वेळात माझे तीन वाजायचे. घरी तेव्हा सकाळचे आठ. मृणाल गाडीच्या किल्ल्या शोधत असायची, इरा गणवेशात. ही आमची भेटीची वेळ. दहा मिनिटं.

"काय केलं काल?"

"नथिंग."

"शाळेत?"

"दे वर प्रॅक्टिसिंग. आय वॉज कलरिंग."

त्या वर्षी मागच्या बाकावर ती एकटीच होती. बाकीचे हात जोडून ओळीत चालायचा सराव करायचे, केटी झग्याचं, बुटांचं, डोक्यावरच्या फुलांचं सांगायची, आणि ही रंगवायची. तक्रार कधी केली नाही. फक्त एकदा विचारलं, "त्या सॅटरडेला आपण काय करायचं?" मराठीत विचारलं, म्हणजे बाब गंभीर होती.

मी म्हटलं, "त्या शनिवारी आपण दोघं लुआस ट्रामनं जायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू पिवळा परकर-पोलका घाल, मी कुर्ता घालतो. शेवटच्या स्टेशनवर आइस्क्रीम."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मृणालनं त्या भरवशावर शनिवारची ड्युटी घेतली. माझं विमान शुक्रवारचं होतं.

बुधवारी शेवटचं पुस्तक मशीनवर चढलं. तिसरीचा भूगोल. मुखपृष्ठावर आयर्लंडचं कुरण, मेंढ्या, दगडी कुंपण. लिआंगनं पहिला कागद पसरला आणि मी मान हलवली. हिरवा पिवळट होता. त्यानं प्रूफ शेजारी ठेवलं. दोन्ही तंतोतंत जुळत होते. मी म्हटलं, प्रूफच चुकलंय. आयर्लंडचं गवत असं नसतं, गर्द असतं. लिआंगनं फोनमध्ये काहीतरी म्हटलं आणि ती गंभीर बाई बोलली, "आपण तेथे राहता. मी राहत नाही. परंतु कागद म्हणतो की हे योग्य आहे."

तीन वाजले होते. मी घरी फोन लावला.

माझ्याकडे रंगांचा पंखा असतो. शेकडो पट्ट्या, प्रत्येक छटेला नंबर. एक माझ्या बॅगेत, एक घरी खणात. मी इराला म्हटलं, तो पंखा घे, मागच्या अंगणात जा, गवतावर ठेव, आणि कुठली पट्टी जुळते तिचा नंबर सांग.

मागून मृणाल म्हणाली, "उशीर होतोय हं. गवत हिरवं असतं, लिहून घे."

इरा गेली. फोनमध्ये दार सरकल्याचा, मग वाऱ्याचा आवाज. बराच वेळ काही नाही. मग, "बाबा, थ्री सेव्हन सेव्हन."

मी माझ्या पंख्यात बघितलं. पिवळट. लिआंगचाच हिरवा.

"सावलीत बघ बेटा. उन्हात पिवळं दिसतं."

पुन्हा वारा. "सेम वन, बाबा. आय चेक्ड ट्वाइस."

"बरं. शहाणी माझी ती," मी म्हटलं. फोन ठेवला आणि लिआंगला सांगितलं, पिवळा कमी कर.

का सांगितलं, ते आता मला नीट माहीत आहे. तेव्हा मी स्वतःला म्हणालो, आठ वर्षांची पोर, दवातलं गवत, सकाळचं तिरकं ऊन. खरी गोष्ट अशी की दोन महिने मी दुपारच्या अंधारात सोफ्यावर बसून ते गवत आठवत होतो. आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं की आठवणीतला रंग नेहमी जास्त गडद असतो. माणसाला विटकरी दाखवून दुसऱ्या दिवशी रंग निवडायला सांगा, तो लालभडक निवडतो. हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि तरी मी माझ्या आठवणीतल्या गवतावर विश्वास ठेवला आणि गवतावर गुडघे टेकून बसलेल्या माझ्या मुलीवर ठेवला नाही.

पिवळा नुसता कमी करून भागलं नाही, मेंढ्या निळ्या पडल्या. नवी प्लेट करावी लागली. तोवर मशीनवर दुसऱ्या कुणाचं काम चढलं. मग पाऊस लागला, कागदाला लहरी आल्या. शुक्रवारी दुपारी माझं विमान सुटण्याच्या वेळेला मी निळ्या सोफ्यावर बसून कागद शांत व्हायची वाट बघत होतो. शनिवारी मनाजोगता हिरवा मिळाला. मी सही केली. लिआंगनं अंगठा वर केला, पण नेहमीसारखं हसला नाही. पहिला, नापास केलेला कागद त्यानं घडी करून माझ्या हातात दिला. का, ते विचारायला गंभीर बाईला दोघांनीही बोलावलं नाही.

त्या दिवशी माझ्या रात्री नऊला, घरी दुपारचे दोन वाजले असताना, मी फोन लावला. मृणाल ड्युटीवर होती. फोन ब्रीडांनी घेतला. मागे पंख्याची घरघर आणि मुलींचा कल्ला.

"इरा?"

"हाय बाबा."

"काय करतेस?"

"आय'म माइंडिंग द शूज."

बाउन्सी कासलमध्ये बूट घालून जाता येत नाही. पांढऱ्या झग्यांतल्या मुली आत, आणि त्यांचे पांढरे बूट ओळीनं लावून त्यांच्यापाशी पिवळ्या परकर-पोलक्यात माझी मुलगी बसली होती. तिला आत बोलावत होते, ब्रीडांनी मला दोनदा सांगितलं. तीच म्हणाली होती, मी बूट बघते.

"रागावलीस?"

"आय'म ग्रँड, बाबा."

मंगळवारी सकाळी मी डब्लिनला उतरलो. टॅक्सीतून बाहेर बघितलं आणि नंतर बघायचं थांबवलं. घरी कुणी नव्हतं. बॅग दारात टाकून, खणातला पंखा घेऊन मी मागच्या अंगणात गेलो. उन्हात बघितलं. सावलीत बघितलं. शेजारच्या मांजरीनंही बघितलं. थ्री सेव्हन सेव्हन.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पुस्तक बाजारात आलं, एकाही शाळेनं गवताबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलांनी मेंढ्यांना मिश्या काढल्या. पण सप्टेंबरात इरा तिसरीत गेली आणि पुस्तकांच्या यादीत तो भूगोल होता. मी त्या रात्रीच त्याला खाकी कव्हर घातलं, लहानपणी आम्ही घालायचो तसं, कोपरे दुमडून. इथे सगळे पारदर्शक प्लास्टिक चढवतात.

"नोबडी यूझेस ब्राउन पेपर, बाबा."

"टिकतं ते."

वर्ष संपलं तेव्हा कव्हर निघालेलं होतं. तिनं काढलं की आपोआप निघालं, मी विचारलं नाही. पण त्यानंतर चित्र काढलं की ते दाखवायला ती माझ्याकडे येईनाशी झाली. सरळ फ्रिजवर लावायची. रंग बघणं हा ज्याचा धंदा, त्याला आपल्या मुलीची चित्रं फ्रिज उघडताना बघावी लागायची.

पुढच्या वर्षी लिआंग भेटला. त्यानं फोन पुढे केला. "गवताची स्थिती कशी आहे?" बाईनं विचारलं. मी त्याच्या कागदाची घडी खिशातून काढून टेबलावर पसरली आणि अंगठा वर केला. तो इतका हसला की शेजारच्या मशीनवरचे लोक बघायला आले. त्याला सांगायला मला काहीच जड गेलं नाही. परक्या माणसापुढे चूक कबूल करणं किती सोपं असतं. आता मी वर्षाला एकदाच जातो, आठवडाभर. नवे लोक घेतलेत. ते पडद्यावर रंग बघतात आणि घरी जेवायला असतात.

हे सगळं गेल्या मंगळवारी, सही केल्यावर, खिडकीशी उभं राहून आठवलं, चहा निवेपर्यंत. मग दिवसभर डोक्यात एकच, पोर शाळेत काय करत असेल. कड कापली असेल. पांढरा रंग लावून सही झाकली असेल. की नवीन काढायला बसली असेल, मागच्या बाकावर, घाईनं. संध्याकाळी ती आली. मी विचारलं, "चित्र?" ती म्हणाली, "ग्रँड," आणि जिना चढून गेली.

कन्फर्मेशन काल झालं. मुखपृष्ठ हिचं म्हणून बाईंनी आग्रहानं बोलावलं होतं. मृणालनं सुट्टी घेतली, दोघी गेल्या. मला कामावर जायचंय, असं मी सांगितलं. खरं म्हणजे ती पुस्तिका सगळ्यांच्या हातात बघायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी मृणालनं ती माझ्यापुढे टाकली. डोंगर, मनोरा, पुढे कुरण. शाळेच्या यंत्रावर छापलेली, तरी रंग बरा आला होता. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, कड न कापता, स्वच्छ काळ्या अक्षरांत : ओके, माझी सही, ७.४०.

"अख्ख्या चर्चच्या हातात होती," मृणाल म्हणाली. "ब्रीडा मला विचारत होत्या, हा मंत्र आहे का म्हणून."

"तिनं कापलं का नाही? अर्धा इंच पट्टी होती."

"मीही तेच विचारलं तिला. बाई कापायला निघाल्या होत्या म्हणे. हीच म्हणाली, लीव्ह इट, माय डॅड पास्ड इट."

मी त्या कुरणाकडे बघत राहिलो. उठून खणातला पंखा आणायची गरज नव्हती.

मृणालनं माझ्यासमोरची खुर्ची ओढली. "त्या दिवशी मी किल्ल्या घेऊन दारात उभी होते," ती म्हणाली. "दोनदा गेली ती गवतात. मोजे ओले झाले म्हणून बदलायला लावले, त्यात मला उशीर झाला. चार वर्षं लागली तुला तिचा हिरवा पास करायला. आता सही कशी पुसायची म्हणून तिच्या मागे लागू नकोस."